तोरा टोपीचा, डूल कानातला

मागच्या अंकात इंग्लंडातल्या ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीत बायका घालून येतात त्या अवाढव्य टोप्यांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, की हाताने दागिने करणाऱ्यांनी त्या नुसत्या हसून सोडून देऊ नयेत, बघण्यासारखं बरंच आहे त्यात. त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच. नावं छापू नका असं बऱ्याच जणींनी लिहिलंय म्हणून सगळ्यांचीच गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय. प्रश्न थोडे छाटलेत, राग मानू नका.

प्रश्न (म्हापसा) : ताई, मी कॉलेजात आहे, यंदा कार्निव्हलला आमचा ग्रुप फ्लोटबरोबर चालणार आणि थीम आहे टोप्या. मी पॉलिमर क्लेच्या इवल्या इवल्या टोप्या करून कानातली बनवली, रिबन लावली, गुलाब लावले, मणी लावले, पण घातली की कीचेन लटकवल्यासारखं दिसतं. आई पण हसली. काय कमी पडतंय?

उत्तर : कमी काही नाही गं बाय, उलट सगळंच आलंय म्हणून तसं दिसतंय. टोपी एक इंचाची केली की ती बाहुलीची टोपी होते, मग कितीही गुलाब लाव. त्या मोठ्या टोप्यांचा तोरा फुलांत नसतोच मुळी, तो असतो चेहऱ्याच्या मानाने त्या किती मोठ्या आहेत आणि कुठल्या बाजूला किती कलल्यात त्यात, म्हणजे बघणाऱ्याला वाटलं पाहिजे आता पडते की काय, आणि बाई मात्र मजेत चहा पितेय. तू टोपी छोटी केलीस तेव्हा नेमकं तेच गेलं आणि हातात उरली सजावट. म्हणून टोपी करूच नको, टोपीची रेघ घे.

कसं ते सांगते. फोनवर टोपीचा फोटो लाव, ब्राइटनेस फुल, स्क्रीनवर ट्रेसिंग पेपर धर आणि फक्त बाहेरची कड काढ, मग आतलं सगळं काळ्या स्केचपेनाने भरून टाक. फूल नाही, रंग नाही, नुसती सावली. आठदहा टोप्यांच्या सावल्या शेजारी शेजारी आल्या की कळतं त्यातल्या बहुतेक एकसारख्याच आहेत, त्या सोडून द्यायच्या. जी एखादी बघून आपली मान आपोआप तिरकी होते ती तुझी. २९ एप्रिल २०११ ला लंडनला प्रिन्स विल्यमचं लग्न झालं, त्यात प्रिन्सेस बिॲट्रिसने घातलेली टोपी तुला आठवणार नाही, आईला विचार, कपाळावर उभं केलेलं रिबिनीचं मोठ्ठं वेटोळं, आयरिश कारागीर फिलिप ट्रीसी यांनी केलेलं. जगभर लोक हसले, टिंगल झाली, आणि पुढच्याच महिन्यात ती ईबेवर लिलावात ८१,१०० पौंडांना गेली, पैसे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिले. हसणाऱ्यांनी हसावं, पण सावली काढून बघ तिची, एक रेघ वर जाते, वळते आणि परत येते, तारेत तीच रेघ वळवलीस तर कानातलं जवळजवळ तयार.

नाहीतर १९२० च्या दशकातली क्लॉश टोपी घे, घंटेच्या आकाराची, पार भुवयांपर्यंत ओढलेली. तिचं अर्धं काम आपल्या झुमक्याने आधीच करून ठेवलंय. साधा पितळी झुमका घे, त्याची कड एका बाजूला पातळ कात्रीने चढती काप आणि तिथलीच कड पक्कडीने हळूच बाहेर दुमड, झाली टोपी कलली. कापलेली कड घासायला विसरू नको, मान कापेल.

तारेचं म्हणशील तर मुख्य रेघेला एक मिलिमीटर जाडीची पितळी तार आणि गुंडाळायला पाव ते अर्ध्या मिलिमीटरची. गेजचा आकडा विचारत बसू नको, क्राफ्टवाल्यांचं आणि हार्डवेअरवाल्यांचं गेज बरेचदा जुळत नाही, सरळ मिलिमीटर विचार. रेघ वळवून झाली की सपाट लोखंडावर ठेवून हलके हलके ठोकायची म्हणजे तार कडक होते आणि आकार धरून ठेवते. आणि हे महत्त्वाचं, डावं-उजवं आरशातल्यासारखं उलटसुलट कर, दोन्ही एकाच बाजूला कलली तर चेहराच वाकडा दिसतो. फ्लोटवर लोक तुला रस्त्याच्या कडेवरून बघणार, म्हणून रेघ तळहाताएवढी मोठी असली तरी चालेल, बारीक मणी तिथून कुणालाही दिसत नाहीत, आणि क्लेचे ते गुलाब पुढच्या वेळी ब्रोचला वापर, फुकट जायचे नाहीत.

प्रश्न (फोंडा) : माझं वय ५२. मोठे डूल मला फार आवडतात पण कानाची पाळी ओघळलीय, डाव्या कानाचं भोक तर लांबलंयच. तुम्ही म्हणता तसे टोपीसारखे भव्य दागिने आम्ही घालायचे तरी कसे?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या टोप्यांतच आहे. टेबलाएवढी टोपी घालून ती बाई दिवसभर उन्हात उभी राहते, मान दुखत नाही, कारण ती टोपी दिसते भारी आणि असते हलकी. त्यात वापरतात सिनामे, म्हणजे फिलिपिन्समधल्या अबाका नावाच्या केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं जाळीदार कापड, नाहीतर क्रिन, म्हणजे नायलॉनची जाळीदार पट्टी. आपण दागिना म्हटला की धातूच्या मागे लागतो, आणि आकार दुप्पट केला की वजन चौपट.

क्रिन आपल्याकडे मिळते, लेहंग्याच्या घेराला आतून लावतात ती कडक जाळीची पट्टी, मडगाव-पणजीच्या शिवणाच्या सामानाच्या दुकानात दाखवा म्हटलं की काढून देतात. रुंद पट्टीच्या एका कडेला आत एक दोरा असतो, तो सुईने उचकून हळूहळू ओढला की पट्टी गोल फिरायला लागते आणि बघता बघता टोपीची झालर तयार होते, एवढं समाधान मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळत नाही खरं सांगते. दोरा ओढून गाठ मारा, टोकं मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नुसती दाखवून बंद करा, आत धरलं तर काळं पडतं. मधे एक हलकं बटण नाहीतर कापडात गुंडाळलेला थर्माकोलचा मणी. तळहाताएवढं डूल होतं आणि वजन कागदाएवढं.

दुसरं म्हणजे बकरम, शर्टाच्या कॉलरचं चिकटवायचं नव्हे, साधं खळीचं बकरम, म्हणजे खळ देऊन कडक केलेलं कापड. ओलं केलं की मऊ पडतं, वाटीच्या बुडावर प्लॅस्टिक घालून त्यावर ताणून बसवायचं, रबर लावायचं, वाळलं की वाटीचा आकार धरतं, टोप्या करणारे लाकडी ठोकळ्यावर हेच करतात. आपल्याकडे गोची अशी की पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने खळ परत मऊ पडते आणि आकार बसतो. म्हणून वर चपडा लाखेचा हात द्यायचा, स्पिरिटमध्ये विरघळवलेली, फर्निचरला पॉलिश करणारे सुतार वापरतात तीच, जुने टोपीवालेही टोप्या कडक करायला तीच वापरायचे. हा हात मात्र कोरड्या दिवसात द्या, जुलैत दिलात तर वर पांढुरकी साय धरते.

आणि ओघळलेल्या पाळीला आपल्याकडे जुना इलाज आहेच की, कानाचे वेल. मोत्याची सर डुलाला अडकवून वर केसात खोवायची, वजन पाळीवरून केसांवर जातं. तुमच्या टोपीच्या डुलाला तसाच वेल करा, टोपीला रिबन असते तसा तो दिसेल पण. फिरकीच्या मागे रुंद चकती लावा. माझा स्वतःचा नियम असा की एका कानाला १० ग्रॅमच्या वर काही नाही, तुमच्यासाठी ६ म्हणेन, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघायचं, डोळ्याला वजन कळत नाही.

प्रश्न (डिचोली) : स्पष्ट लिहितो. आपल्याकडे पगडी आहे, फेटा आहे, शिगम्यात आमच्या गावात घोडेमोडणीला फुलांनी सजवलेली मुंडाशी असतात. ते सोडून त्या गोऱ्या मडमांच्या टोप्या कशाला?

उत्तर : सोडून कोण म्हणतंय दादा, दोन्ही घ्या. तुमचा राग मला कळतो पण मुंडासं बघणाऱ्या माणसाला टोपी जास्त चांगली कळते असं माझं मत आहे, कारण तुरा म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही. पगडीवरच्या शिरपेचात हिरे किती यापेक्षा तुरा कसा हलतो ते बघा. माणूस बोलला, मान हलली की तुरा मागून थरथरतो, आणि त्या थरथरण्यात सगळा रुबाब. घोडेमोडणीत तर माणूस कमरेला लाकडी घोडा बांधून नाचतो, एका हातात तलवार, त्याच्या डोक्यावरची फुलं ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला वेगळी हलतात, फोटोत ती स्थिर दिसतात म्हणून फोटोवरून डिझाइन करणारे फसतात. तिकडे युरोपात अठराव्या शतकात हिऱ्यांची फुलं बारीक स्प्रिंगवर बसवायचे, दिव्याच्या उजेडात लुकलुकावीत म्हणून, म्हणजे खटपट दोन्हीकडे एकच.

करायचं असेल तर सोपं आहे. ०.३ मिलिमीटरची तार गोधडीच्या सुईवर घट्ट गुंडाळा, वेटोळी अंगाला अंग लावून, बारा-पंधरा झाली की सुई काढून घ्या, झाली स्प्रिंग. एका टोकाला हलका मणी किंवा पत्र्याचं पान, दुसरं टोक दागिन्याच्या अंगाला गुंडाळून पक्कं. मणी जड झाला तर स्प्रिंग लोंबते, थरथरत नाही, तेव्हा काचेचा मणी नको, मोत्यासारखा प्लॅस्टिकचा घ्या, इथे स्वस्त तेच चांगलं. अशा तीन स्प्रिंगा वेगवेगळ्या उंचीच्या करून सदऱ्याच्या खिशावर लावायचा ब्रोच करा, पुरुषांनीही घालावा, आमच्याकडे लग्नात नवरदेव सोडून बाकीचे पुरुष उगाच कोरडे दिसतात.

प्रश्न (वाळपई) : आमच्या काजूच्या बागेत मोरपिसं भरपूर पडतात. टोप्यांना पिसं लावतात तशी कानातली करून विकली तर चालेल का? एक परदेशी बाई ५० जोड्या घेऊन जायचं म्हणतेय.

उत्तर : ५० जोड्यांची ऑर्डर सोडा असं सांगायला जिवावर येतं, पण सोडा. मोर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. आपोआप गळालेल्या पिसांचा आणि त्यांच्या वस्तूंचा देशातल्या देशात व्यवहार चालतो, पण देशाबाहेर न्यायला बंदी आहे, म्हणजे ती बाई विमानतळावर अडकणार आणि तुमचं नाव सांगणार. इथल्या गिऱ्हाइकाला विकलंत तर गोष्ट वेगळी, तरी पीस गळालेलं आहे, उपटलेलं नाही, हे बघणाऱ्याला देठावरून कळतं, तेव्हा देठ कापून टाकू नका. बाकी रानपक्ष्यांची पिसं, धनेश, बगळा, काहीही, हात लावू नका.

बगळ्यावरून सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत टोप्यांवर बगळ्याची पिसं लावायची एवढी हौस आली होती की वजनाला सोन्याहून महाग विकली जायची. ती नाजूक पिसं येतात फक्त विणीच्या दिवसांत, म्हणजे पक्षी मारायचे ते घरट्यावर आणि पिल्लं मागे उपाशी. ती हौस मोडली ती पण बायकांनीच. इंग्लंडात १८८९ मध्ये बायकांनी संस्था काढली, तीच पुढे तिथली पक्षी संरक्षणाची सगळ्यात मोठी संस्था झाली, बोस्टनमध्ये १८९६ ला हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी चहाला बोलवून बोलवून श्रीमंत बायकांकडून पिसं सोडवली, आणि ब्रिटनमध्ये १९२१ ला पिसांच्या आयातीवर कायदा आला. आपल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, भाताच्या चिखलात बगळे चालताना दिसतात ना, त्यांच्याच भाऊबंदांची ही गोष्ट.

पीसच हवं तर कोंबडीचं घ्या, चिकनवाल्याकडे फुकट. कोमट पाण्यात शाम्पू घालून धुवा, पंख्याखाली वाळवा, मग झिपच्या पिशवीत घालून दोनतीन दिवस फ्रीजरमध्ये, म्हणजे बारीक किडे मरतात, घरच्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर आरडाओरडा होईल. आणि मला विचाराल तर पीस नकोच, पिसासारखं करा. पातळ पितळी पत्र्याचं लांबट पान कापा, मधे जाड तारेचा कणा, आणि दोन्ही बाजूंनी कात्रीने तिरके तिरके काप, एकाशेजारी एक, कण्यापर्यंत न पोचता. काप अधूनमधून थोडे उलटे वळवले की वाऱ्याने विस्कटल्यासारखं दिसतं. त्या परदेशी बाईला हे दाखवा, विमानतळावर कुणी हात लावणार नाही.

प्रश्न (शिवोली) : सांव जांवच्या सणाला डोक्यावर घालतात त्या कोपेलवरून दागिने करायचा विचार आहे. खरी फुलं रेझिनमध्ये घालून केली तर टिकतील का?

उत्तर : अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. आपण ॲस्कॉट ॲस्कॉट करत बसलो आणि २४ जूनला तुमच्याच गावात नदीत सजवलेल्या होड्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पानाफुलांचा, कधी फळांचासुद्धा मुकुट, पाऊस पडतोय, घुमट वाजतंय, आणि ते डोक्यावर घेऊन माणसं विहिरीत उड्या मारतायत. एवढी हौसेची टोपी जगात दुसरीकडे कुठे असेल मला वाटत नाही. डोक्यावर फळं म्हटलं की लोकांना कार्मेन मिरांडा आठवते, जन्म पोर्तुगालचा १९०९ चा, वाढली ब्राझीलमध्ये, हॉलिवूडमध्ये फळांचा फेटा घालून नाचली, पण तिची फळं खोटी, आपली खरी.

आता रेझिन, म्हणजे ओतलं की काचेसारखं घट्ट होतं ते. फूल पूर्ण वाळलेलं नसेल तर आतल्या ओलाव्याने ते रेझिनमध्ये तपकिरी पडतं, आणि जूनमध्ये शिवोलीला काहीही पूर्ण वाळत नाही हे तुम्हाला मी काय सांगू. फूल सिलिका जेलमध्ये डब्यात पुरून आठवडाभर झाकून ठेवायचं, पाकळी बोटाने मोडली तर कुरकुरीत आवाज आला पाहिजे. झेंडू सुट्या पाकळ्यांचा घ्या, अख्खा नको, मधला गड्डा ओला राहतो. बोगनवेल सगळ्यात सोपी, ती मुळातच कागदासारखी, जाड पुस्तकात दाबून ठेवली तरी चालते. रेझिन ओतायचं काम पण मे महिन्यातच उरका, पावसात ते चिकट राहतं आणि वर धुरकट पापुद्रा येतो. एवढं करूनही उन्हात ठेवलं की वर्षा-दोन वर्षांत पिवळं पडायला लागतं, गिऱ्हाइकाला हे आधी सांगा.

पण मी खरी फुलं घालणार नाही. कोपेल जवळून बघितलंत तर त्याची गंमत फुलात कमी आणि खोवण्यात जास्त आहे, रानवेल घ्यायची, डोक्याच्या मापाने दोनतीन वेढे द्यायचे, आणि त्या वेढ्यांच्या फटीत जे मिळेल त्याचा देठ खोवत जायचं, काही सरळ उभं, काही आडवं, एखादं लोंबणारं, कुणी मोजत नाही. तेच गळ्यात आणा. दोन मिलिमीटरच्या तारेची पुढून उघडी कंठी वळवा, तिच्यावर पातळ तार तिरकी तिरकी सैल गुंडाळा, आणि फटीत कापडी पानं, करवंटीचे तुकडे, शिंपले, रंगीत दोऱ्याचे गोंडे खोवा. एकाच बाजूला गर्दी करा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा, दोन्हीकडे सारखं केलंत की देवाच्या फोटोला घातलेल्या हारासारखं दिसणार. शिंपल्यांचं एक बघा, शंख-शिंपल्यांच्या आणि पोवळ्यांच्या बऱ्याच जाती कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा बाजारातून चकचकीत मोठे शंख घेऊ नका, आपण खाऊन टाकतो त्या तिसऱ्यांची शिंपलं धुऊन वापरा, त्यांच्यासारखा करडा-जांभळा रंग कुठे मिळत नाही.

प्रश्न (वास्को) : पितळेचं सगळं काळं पडतं, आणि कानाला हिरवं लागतं. काय करू?

उत्तर : समुद्राची खारी हवा आणि घाम, दुसरं काय. बिंबल चिरून चोळा किंवा आमसुलाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, लख्ख होतं, मग साध्या पाण्याने धुऊन एकदम कोरडं करा आणि पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्या. मोती किंवा शिंपला लावलेल्या दागिन्याला आंबट काही लावू नका, ते त्याला खातं. हिरवं लागतं ते पितळेतल्या तांब्याचं, धुतलं की जातं. खाज येऊन पुरळ उठत असेल तर मात्र बहुतेक निकेल, मग कानात जाणारा आकडा तेवढा ९२.५ चांदीचा करा, बाकी दागिना कशाचाही असू दे.

प्रश्न (पर्वरी) : फॅसिनेटर आणि टोपी यात फरक काय? आणि फिलिप ट्रीसीची डिझाइन बघून तशीच केली तर चालतं का?

उत्तर : फॅसिनेटर म्हणजे केसाला क्लिपने किंवा पट्ट्याने लावलेली सजावट, तिने डोकं झाकत नाही. ॲस्कॉटची शर्यत इंग्लंडच्या राणी ॲनने १७११ मध्ये सुरू केलेली, तिथे राजघराण्याच्या खास भागात २०१२ पासून फॅसिनेटर चालत नाहीत, डोक्यावरच्या वस्तूचा तळ निदान ४ इंचांचा पाहिजे. आपल्याला तो नियम नाही.

नकलेचं म्हणाल तर तशीच्या तशी करून विकणं आणि वर त्याचं नाव लावणं चूकच. पण कल्पना कुठून कुठे जाते बघा. १७७८ मध्ये बेल पूल नावाच्या फ्रेंच जहाजाने इंग्रजांशी झुंज दिली म्हणून फ्रान्समधल्या बायकांनी केसांचा डोंगर करून त्यावर अख्खं जहाज बसवलं, शिडांसकट. दोनशे वर्षांनी ट्रीसीने जहाजाची टोपी केली, इझाबेला ब्लो ही तिकडची फॅशन मासिकांची संपादक ती घालून फिरली, आणि कुणी म्हणालं नाही चोरली म्हणून, कारण ती त्याची झाली होती. तुम्ही पर्वरीच्या, रायबंदर-चोडणची फेरीबोट रोज बघता, सपाट, चौकोनी, पुढचा रॅम्प खाली पडलेला, कुठल्याही शिडाच्या जहाजापेक्षा गोड आकार आहे तो. रॅम्पला बिजागरी म्हणून एक छोटी कडी लावा, कानात तो हलेल.

प्रश्न (हणजूण) : बाजारात स्टॉल लावते. लोक हातात घेऊन बघतात आणि म्हणतात ऑनलाइन दीडशेला मिळतं. किंमत कशी ठरवायची?

उत्तर : दीडशेला मिळतं तर तिकडेच घ्या म्हणायचं, हसून. हिशोब असा, सामान ९० रुपये, काम दोन तास, तासाचे तुम्ही स्वतःला निदान १०० द्या, स्टॉलच्या भाड्याचा आणि मोडक्या-फुटक्याचा वाटा ५०, झाले ३४०, हा तुमचा खर्च, नफा अजून यायचाय. म्हणजे ४५० च्या खाली विकायचं नाही. घासाघीस होणार हे धरून ६०० सांगायची बऱ्याच जणींची पद्धत आहे, मला ती आवडत नाही, मग पाटीवरच्या कुठल्याच आकड्यावर कुणाचा विश्वास राहत नाही. त्यापेक्षा स्टॉलवर बसल्या बसल्या काम करत राहा. लोकांच्या समोर क्रिनचा दोरा ओढून झालर झाली की ऑनलाइनचं नाव कुणी काढत नाही. आणि मोठा भपकेदार एकच पीस मधे मांडा, तो विकला जाणार नाही, पण त्याच्यासाठी थांबलेला माणूस शेजारचं छोटं घेऊन जातो.

प्रश्न (मडगाव) : आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी गाव सोडताना मला एक लांब पिन दिली, वीतभराहून मोठी, एका टोकाला निळा काचेचा मणी. त्यांच्या आजीच्या टोपीची म्हणे. कापून ब्रोच करू का?

उत्तर : कापू नका हो, कृपा करून. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टोप्या एवढ्या मोठ्या होत्या की त्या केसांच्या अंबाड्यात लांब पिन खुपसूनच डोक्यावर टिकायच्या, तुमच्याकडे त्यातलीच एक आलीय. आधी शेटाकडे, म्हणजे सोनाराकडे, नेऊन मण्याभोवतीची पट्टी कसावर लावून बघा, सोन्याचा मुलामा असेल तर पॉलिश करू नका. दांडी पोलादाची असणार आणि गंजली असणार, बारीक स्टीलवूलला मशीनचं तेल लावून हळू पुसा, मण्याच्या जोडाला तेल लागू देऊ नका, जुनी चिकटवलेली असते ती.

वापरायची कशी, तर जशी आहे तशीच. अंबाडा घालून आडवी खोवा, अग्रफूल खोवतो तशी, नऊवारीवर पण शोभेल. हवं तर तिच्या दांडीवर सरकणारी एक वेगळी सजावट करा, बारीक पितळी नळी घ्या, पिन आत जाईल एवढी, आणि नळीवर क्रिनची झालर किंवा तो थरथरता तुरा बसवा, म्हणजे मूळ पिनेला काही न करता दागिना बदलत राहतो. टोकाला मात्र बूच लावा, शिशीच्या बुचाचा तुकडा नाहीतर टोचून बसवलेला लाकडी मणी. १९१० मध्ये शिकागोच्या नगरपालिकेने ९ इंचांपेक्षा लांब टोपीपिनांवर बंदी घातली होती, ट्राममध्ये शेजारच्यांचे गाल आणि कान ओरबाडले जायचे म्हणून, आणि छेड काढणाऱ्याला बायका तीच पिन दाखवायच्या हेही एक कारण होतंच. तुमची नक्की किती भरते ते फूटपट्टी लावून कळवा, आणि जमलं तर मण्याचा फोटो उन्हात काढून पाठवा.